नवी बॅटरी टाकूनही जुनी मारुती स्टार्ट होत नाही

प्रश्न : माझ्याकडे १९९६ ची मारुती ८०० आहे, कार्बोरेटरवाली. वडिलांनी नवी घेतलेली, म्हणून विकायला मन होत नाही. आठवड्यातून एखाद्या वेळी बाहेर निघते. सध्या तिच्या तीन तक्रारी आहेत. आठ-दहा दिवस उभी राहिली की किल्ली फिरवल्यावर नुसता ‘कट्’ असा आवाज येतो, नाहीतर सेल्फ जड फिरतो. दोन महिन्यांपूर्वी नवी बॅटरी टाकली, तरी तेच. दुसरं, कधी सेल्फ छान फिरतो पण सकाळी गाडी लवकर पकडत नाही, पेट्रोलचा वास येतो आणि सुरू झाली की काळा धूर सोडते. चोकचं बटणही हल्ली फार घट्ट झालंय. तिसरं, एप्रिलमध्ये चिपळूणहून येताना कुंभार्ली घाट चढून हेळवाकला चहाला थांबलो, तर पंधरा मिनिटांनी गाडी सुरूच होईना. पाऊण तासाने काहीही न करता सुरू झाली. एक मेकॅनिक कार्बोरेटर बदला म्हणतो, दुसरा म्हणतो इंजिन उघडावं लागेल. काय करू? – एक वाचक, कराड

उत्तर : इंजिन उघडू नका. कार्बोरेटरही बदलू नका, निदान आत्ता तरी नाही. तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलं आहे: चोकचं (थंड इंजिनाला जास्त पेट्रोल मिळावं म्हणून हवा अडवणाऱ्या झडपेचं) बटण घट्ट झालंय. पहिल्या दोन तक्रारींचा धागा तिथे असण्याची बरीच शक्यता आहे. घाटातली तक्रार वेगळी, तिचं कारण वेगळं आणि उपायही वेगळा. तिन्ही एकत्र करून ‘गाडी स्टार्टिंगला त्रास देते’ असं गॅरेजमध्ये सांगितलं की समोरचा माणूस अंदाजाने पार्ट बदलत सुटतो. बॅटरी बदलून तुम्ही तो खर्च एकदा केलाच आहे.

पुढच्या तपासणीसाठी एक साधा डिजिटल मल्टिमीटर विकत घ्या. काही शेकड्यांत मिळतो आणि या गाडीवर त्याच्याइतकं उपयोगी दुसरं हत्यार नाही. शिवाय १० नंबरचा पाना, प्लग पाना, फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पट्ट्या) आणि बारीक पॉलिश पेपर. तपासणी सुरू करण्याआधी गाडी न्यूट्रलला आणि हँडब्रेक ओढलेला, हे दर वेळी पाहा.

पहिली तक्रार आधी घेऊ, कारण सेल्फ नीट फिरल्याशिवाय बाकी काही तपासता येत नाही. ‘कट्’ आवाज कसा येतो हे नीट ऐका. भराभर कट-कट-कट-कट असा येत असेल तर सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा चुंबकी स्विच) खेचला जातोय पण व्होल्टेज पडल्यामुळे सुटतोय, म्हणजे बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल सैल. एकच ठाम ‘कट्’ आणि पुढे शांतता असेल तर सोलेनॉइड बसला, पण मोटरपर्यंत पुरेसा करंट पोचला नाही. तुमच्या वर्णनात दुसरा प्रकार दिसतो. सेल्फ नुसता घूं करून रिकामा फिरतो आणि इंजिन हलत नाही असं झालं असतं तर बेंडिक्सचा, म्हणजे सेल्फला इंजिनाशी जोडणाऱ्या गिअरचा, विचार केला असता. तुमच्याकडे तसं काही नाही.

रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी, बॉनेट उघडून, बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर लावा. १२.६ व्होल्ट किंवा जास्त म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या आसपास म्हणजे जवळपास रिकामी. आकडा १२.४ च्या खाली असेल तर आधी बॅटरी काढून स्लो चार्ज करून घ्या. ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला ३ ते ३.५ अँपिअरने दहा-बारा तास. तासाभरात ‘बूस्ट’ करून देणाऱ्याकडे नेऊ नका. प्लेटा तापतात आणि नव्या बॅटरीचं आयुष्य तिथेच कमी होतं.

चार्ज केलेली बॅटरी बसवल्यावर सेल्फ फिरत असताना मोजायचं. गाडी सुरू होऊ नये म्हणून ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलच्या प्लस टोकाची बारीक वायर काढा आणि तिच्या टोकाला टेप गुंडाळा, कारण किल्ली चालू असताना तिच्यात करंट असतो. मीटर बॅटरीच्या टोकांवरच ठेवून कुणाला तरी चार-पाच सेकंद सेल्फ मारायला सांगा. आकडा ९.६ च्या खाली जायला नको. सात-आठवर कोसळला तर चार्ज करूनही बॅटरी कमकुवत आहे, वॉरंटीत परत करा. पण सेल्फ जड फिरतोय किंवा नुसता ‘कट्’ होतोय आणि मीटर मात्र ११-१२ दाखवतोय, असं झालं तर बॅटरीचा दोष नाही. करंट वाटेत अडतोय.

तो बहुतेक अर्थिंगमध्ये अडलेला असतो. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे बॉडीपासून इंजिन किंवा गिअरबॉक्सला जोडणारी जाड अर्थिंगची पट्टी वेगळी द्यावी लागते. सेल्फचा सगळा करंट इंजिनाच्या धातूतून याच पट्टीने बॅटरीच्या मायनसला परत येतो. जवळजवळ तीस वर्षांच्या गाडीत ही पट्टी हिरवी पडलेली असते, निम्म्या तारा तुटलेल्या असतात किंवा बोल्टखाली गंज आणि ऑइलचा थर असतो. वरून बघितलं तर जोडलेली दिसते, म्हणून कुणी हात लावत नाही.

मोजायची रीत अशी: मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनस खांबावर, टर्मिनलच्या क्लॅम्पवर नाही, प्रत्यक्ष शिशाच्या खांबावर. लाल पिन इंजिनाच्या खरवडून चकचकीत केलेल्या धातूवर, ऑइल किंवा रंग नसलेल्या जागी. आता सेल्फ मारा. मीटरने ०.२ ते ०.३ व्होल्ट दाखवले तर अर्थिंग उत्तम. एक व्होल्ट किंवा जास्त दाखवले तर दोष सापडला. सेल्फ सुरुवातीला दीडशे अँपिअरच्या आसपास करंट ओढतो. त्या वाटेत फक्त ०.०१ ओहमचा अडथळा आला तरी दीड व्होल्ट तिथेच खर्च होतात. एवढा बारीक अडथळा मीटरच्या ओहम मोडवर दिसत नाही, म्हणून ‘कंटिन्युइटी बरोबर आहे’ असं कुणी म्हणालं तर समाधान मानू नका.

आता चोकच्या बटणाकडे या. पट्टी नीट नसली की करंट दुसरी वाट शोधतो. डॅशबोर्डपासून कार्बोरेटरपर्यंत, म्हणजे बॉडीपासून इंजिनापर्यंत, धातूची सलग वाट देणारी वस्तू म्हणजे चोकची केबल. एक्सलरेटरची केबलही तशीच. सेल्फचा करंट या बारीक केबलमधून गेला की ती तापते, आतलं प्लास्टिकचं अस्तर वितळतं आणि तार आतच चिकटते. दोन-तीनदा सेल्फ मारून झाल्यावर किल्ली बंद करा आणि केबलच्या बाहेरच्या आवरणाला बोट लावून पाहा. थंड इंजिनावर केबल कोमट लागली तर आणखी पुरावा नको. घट्ट केबलमुळे चोक पूर्ण लागत नाही, किंवा लागला तर पूर्ण सुटत नाही. तुमचा सकाळचा पेट्रोलचा वास आणि काळा धूर तिथूनच येत असणार.

म्हणून दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी अर्थिंग, मग चोकची केबल. उलट केलंत तर नवी केबलही जळेल. जुनी पट्टी काढून तिच्या दोन्ही बोल्टांच्या जागा पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासा, नवी जाड वेणीची पट्टी लावा, बोल्ट कसा आणि वरून व्हॅसलीन फासा. व्हॅसलीन आधी नाही, जोड घट्ट झाल्यावर. बॅटरीची दोन्ही टर्मिनलंही काढून खांब आणि क्लॅम्पची आतली बाजू घासा. काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. नाहीतर पाना बॉडीला लागला की मोठी ठिणगी उडते. टर्मिनलवरची पांढरी-निळी बुरशी गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुतली की निघते, पण ते पाणी सेलच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका.

प्लसची बाजूही तशीच तपासा: बॅटरीचा प्लस खांब ते सेल्फवरचा जाड बोल्ट, सेल्फ फिरत असताना फरक ०.५ व्होल्टच्या आत हवा. दोन्ही बाजू बरोबर आणि तरीही नुसता ‘कट्’, तर मग सेल्फ काढून ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्या. कार्बन झिजलेले असतील किंवा सोलेनॉइडच्या आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट जळालेले असतील. पूर्ण नवा सेल्फ घ्यायची गरज सहसा पडत नाही.

राहिलं आठ-दहा दिवसांत बॅटरी उतरण्याचं. गाडी बंद असताना काहीतरी करंट खातंय का, हे असं पाहा: किल्ली काढा, सगळी दारं लावा, मायनसचं टर्मिनल काढा आणि मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून एक पिन मायनसच्या खांबाला, दुसरी सुटलेल्या टर्मिनलला लावा. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ चुकूनही मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. तुमच्या गाडीत कॉम्प्युटर नाही, त्यामुळे आकडा जवळपास शून्य यायला हवा. म्युझिक सिस्टिमच्या मेमरीसाठी काही मिलिअँपिअर चालतील. ५० मिलिअँपिअरच्या वर गेला तर चोर शोधा. २०० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला ४.८ अँपिअर-अवर, आठवड्यात ३५ ची बॅटरी साफ. एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा खाली येतो ते सर्किट. बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टिम, सेंट्रल लॉक, रिव्हर्स हॉर्न हे नेहमीचे संशयित. सगळे फ्यूज काढूनही आकडा तसाच राहिला तर मायनस सुटलेलंच ठेवून अल्टरनेटरच्या (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राच्या) मागची जाड वायर सोडवा, तिला टेप गुंडाळा आणि पुन्हा मोजा. अल्टरनेटरमधला डायोड गळका झाला की तो बॅटरी उलट पितो.

अल्टरनेटर चार्ज करतोय का हे मिनिटाभरात कळतं. इंजिन जरा चढं ठेवून, हेडलाइट लावून, बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. कमी असतील तर आधी पट्ट्याचा ताण पाहा. १५ च्या वर गेले तर रेग्युलेटर बिघडलाय आणि बॅटरीचं पाणी उकळतंय. आणि घरासमोर रोज पाच मिनिटं गाडी नुसती सुरू ठेवून बंद करण्याची सवय असेल तर मोडा. आयडलिंगवर अल्टरनेटर फारसं भरत नाही, इंजिन पुरतं तापत नाही आणि ऑइलमध्ये पाण्याचा अंश साठत जातो. आठवड्यातून एकदा पुणे-बंगळूर रस्त्यावर अर्धा तास सलग चालवलेली बरी.

दुसरी तक्रार. सेल्फ चांगला फिरतोय, गाडी पकडत नाही. इथे फक्त दोन प्रश्न विचारायचे: ठिणगी पडते का, आणि पेट्रोल पोचतं का. कार्बोरेटरवर आरोप करण्याआधी ठिणगी पाहा, कारण पेट्रोलच्या वासाचं एक कारण हेही असतं की पेट्रोल येतंय पण पेटत नाही.

तिन्ही प्लग काढा, इंजिन थंड असताना. हेड अॅल्युमिनियमचं आहे. गरम हेडमधून प्लग काढताना आटे उतरतात आणि मग खरंच मोठं काम निघतं. प्लग कोणत्या सिलिंडरचा ते लक्षात ठेवून ओळीत मांडा. टोक कोरडं आणि फिकट तपकिरी असेल तर इंजिन ठीक जळतंय. मऊ काळी काजळी म्हणजे मिश्रण श्रीमंत (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त), चोक अर्धवट लागलेला किंवा एअर फिल्टर तुंबलेला. पेट्रोलने ओलं म्हणजे ठिणगी नाही किंवा इंजिन फ्लड झालं, म्हणजे आत पेट्रोल जास्त झालं. ऑइलने ओलं, चिकट काळं असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्ह सील. पण तिन्हींत तसं नसेल तर आज त्याची चिंता नको. तुमच्या बाबतीत तिन्ही काळे काजळलेले निघतील असं वाटतं. एकच काळा निघाला तर त्याच सिलिंडरची वायर किंवा प्लग पाहायचा. गॅप फिलर गेजने ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेवा. बसवताना आधी हातानेच फिरवा. पूर्ण टेकल्यावर नवा प्लग अर्धा फेरा, जुना अगदी थोडा.

ठिणगी पाहायची ती प्लगांची भोकं बंद असताना आणि आसपास सांडलेलं पेट्रोल नसताना. एक जादा प्लग घ्या, वायरच्या टोपीत बसवा, त्याचा लोखंडी भाग इंजिनाच्या धातूला पक्का टेकवा, धरायला रबरी मुठीची पक्कड. कॉइलची मघाची वायर परत लावलेली हवी. सेल्फ मारल्यावर निळी-पांढरी, टच्-टच् आवाज करणारी ठिणगी हवी. बारीक नारिंगी असेल तर ती उघड्या हवेत दिसते पण सिलिंडरच्या दाबाखाली पडत नाही. वायर हवेत लांब धरून ठिणगी ‘ओढून’ बघायची सवय काही ठिकाणी आहे; इलेक्ट्रॉनिक इग्निशन असेल तर त्याने मॉड्यूल जळू शकतं.

ठिणगी कमजोर निघाली तर डिस्ट्रिब्युटरची (ठिणगीचा करंट प्लगांना वाटणाऱ्या भागाची) कॅप काढा. आत पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे कॉन्टॅक्ट) दिसले तर त्यांच्या तोंडावरचा काळा डाग आणि खड्डा पाहा, पॉलिश पेपरने साफ करा, गॅप ०.४ ते ०.५ मिलिमीटर ठेवा. पॉइंट वारंवार जळत असतील तर कन्डेन्सर बदला, तो स्वस्त असतो. कॅपच्या आत टॉर्चच्या उजेडात बारीक केसासारखी काळी रेघ दिसते का पाहा. करंट त्या रेघेवरून भलतीकडे पळतो आणि पावसाळ्यात, दमट हवेत, हा दोष आणखी उसळतो. अशी कॅप घासून टिकत नाही, रोटरसकट बदलावी लागते. वायरी काढताना खुणा करून ठेवा. या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-२ आहे. दोन वायरींची अदलाबदल झाली तर गाडी फटाके फोडते पण सुरू होत नाही.

आता पेट्रोल. एअर फिल्टरचं झाकण काढा, किल्ली बंद ठेवा आणि कार्बोरेटरच्या तोंडात वरून पाहा. कुणाला तरी चोकचं बटण पूर्ण ओढायला सांगा. वरची झडप तोंड पूर्ण झाकते का? बटण आत ढकलल्यावर ती सरळ उभी राहते का? बहुधा दोन्हीकडे अर्धवट अडकलेली दिसेल. मग झडप बोटाने उघडी धरून एक्सलरेटर एकदा झटक्यात दाबा. बाजूच्या बारीक पितळी नळीतून पेट्रोलची स्पष्ट चिळकांडी उडाली तर फ्लोट चेंबरमध्ये (कार्बोरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या कप्प्यात) पेट्रोल आहे आणि एक्सलरेटर पंप चालतोय. एवढ्या एका पाहणीत निम्मा प्रश्न सुटतो. नुसता थेंब ओघळला तर पंपाचा डायफ्रॅम कडक झालाय किंवा नळी तुंबलीय. काहीच आलं नाही तर चेंबर कोरडं आहे.

आठ-दहा दिवस उभ्या राहिलेल्या कार्बोरेटर गाडीत चेंबरमधलं पेट्रोल बरंच उडून जातं, हा बिघाड नव्हे. इंजिनाच्या कडेला बसवलेल्या मेकॅनिकल पेट्रोल पंपाला, गॅरेजमध्ये ज्याला एसी पंप म्हणतात, ते पुन्हा भरायला काही सेकंद सेल्फ फिरावा लागतो. पण दर वेळी खूप वेळ लागत असेल तर पेट्रोल मागे टाकीकडे सरकतंय: पंपाचा व्हॉल्व्ह धरत नाही किंवा एखादा रबरी पाइप तडकून हवा ओढतोय. कार्बोरेटरकडचा पाइप काढून बाटलीत सोडा, कॉइलची वायर काढून ठेवून सेल्फ मारा; ठोक्याठोक्याला भरघोस पेट्रोल पडायला हवं.

रबरी पाइप मात्र तपासत बसू नका, सगळे बदला. २०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं आणि आता बहुतेक ठिकाणी तेच मिळतं. तुमच्या गाडीचे पाइप, पंपाचा डायफ्रॅम, कार्बोरेटरची पॅकिंग या मिश्रणासाठी बनलेली नाहीत. इथेनॉल जुनं रबर फुगवतं, नरम करतं आणि टाकीतला जुना गाळ सोडवून फिल्टरमध्ये आणतं. दुकानात इथेनॉलला चालणारा फ्युएल होज असं स्पष्ट सांगून मागा, सोबत नवा फिल्टर आणि क्लिपा. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, म्हणून थंड सकाळी चोक पूर्ण लागणं पूर्वीपेक्षाही गरजेचं झालंय. टाकीत महिनोन् महिने तळाशी थोडंसं पेट्रोल ठेवू नका; ते हवेतला ओलावा ओढून घेतं.

केबल बदलून झाली की सकाळची पद्धत अशी ठेवा. चोक पूर्ण ओढा, एक्सलरेटर दोनदा तळापर्यंत दाबून पाय काढा, मग सेल्फ. एका वेळी पाच सेकंद, फार तर दहा. नंतर अर्धा मिनिट थांबा म्हणजे सेल्फ आणि बॅटरी दोघांनाही सावरता येतं. पकडल्यावर अर्ध्या मिनिटात चोक निम्मा आत, दोन-तीन मिनिटांत पूर्ण आत. पेट्रोलचा वास सुटला आणि तरी पकडत नसेल तर इंजिन फ्लड झालंय: चोक पूर्ण आत, एक्सलरेटर तळाला दाबून तसाच धरा, पंप करू नका, सेल्फ मारा. पकडताच पाय सोडा.

तिसरी तक्रार, हेळवाकची. घाट चढताना इंजिन तापतं पण पंखा, वारा आणि वाहतं ताजं पेट्रोल यांमुळे कार्बोरेटर थोडा थंड राहतो. गाडी उभी केली की हे सगळं थांबतं आणि इंजिनाची साठलेली उष्णता वर येते. पहिली दहा-वीस मिनिटं सगळ्यात वाईट. त्यात दोन उलट गोष्टी होऊ शकतात. चेंबरमधलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये (इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत) ओघळतं आणि इंजिन फ्लड होतं; किंवा पंपात आणि पाइपमध्ये वाफ धरते आणि पेट्रोल पोचतच नाही. पाऊण तासाने निवलं की दोन्ही आपोआप सुटतात. तिसरी शक्यता म्हणजे कॉइल किंवा इग्निशन मॉड्यूल तापल्यावर ठिणगी सोडत नाही. हा दोषही निवल्यावर गायब होतो, म्हणून गॅरेजमध्ये गाडी पोचेपर्यंत सगळं बरोबर दिसतं.

यांतलं कोणतं, हे गाडी अडलेली असतानाच कळतं. म्हणून गाडीत तो जादा प्लग आणि पक्कड ठेवा. पुढच्या वेळी आधी ठिणगी पाहा. नसेल तर कॉइलला हात जवळ नेऊन उष्णता पाहा, आणि परत आल्यावर कॉइल-मॉड्यूल बदलून पाहा. ठिणगी असेल तर एक्सलरेटर तळाला धरून फ्लडची पद्धत करा. आठ-दहा सेकंदांत अडखळत पकडली तर पेट्रोल जास्त झालं होतं. त्यानेही नाही, तर किल्ली बंद करून एअर फिल्टरच्या झाकणाखाली चिळकांडी पाहा. कोरडं असेल तर वाफ धरली आहे. बॉनेट उघडं ठेवा, पेट्रोल पंपावर आणि त्याच्या पाइपवर ओला फडका टाका, पंधरा मिनिटं द्या. गरम गाडीला चोक मात्र कधीच लावू नका.

कायमच्या उपायात तीन गोष्टी पाहा. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डच्या मध्ये जाड उष्णतारोधक पॅकिंग असतं. एखाद्या दुरुस्तीत ते न लावता पातळ कागदी गॅस्केट घातलेलं आढळतं. पेट्रोलचा पाइप एक्झॉस्ट किंवा हेडला टेकलेला नसावा. आणि फ्लोटचा निडल व्हॉल्व्ह झिजला असेल तर चेंबर प्रमाणाबाहेर भरतं. कार्बोरेटर किटमध्ये तो मिळतो. रेडिएटरचा पंखा वेळेवर लागतो का तेही बघा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. गाडी पकडत नाही म्हणून बाटलीतून कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतून सेल्फ मारू नका आणि कुणाला मारूही देऊ नका. इंजिनाने उलटा भडका घेतला की ज्वाळा थेट त्या तोंडातून, बाटली धरलेल्या हाताकडे येते. फिल्टरचं झाकण उघडं असताना सेल्फ मारायचा असेल तर चेहरा आणि हात दूर ठेवा. पेट्रोलच्या तपासण्या उघड्यावर करा, बंद गॅरेजमध्ये नाही, आणि लहान अग्निशामक जवळ असू द्या.

इंजिन उघडण्याचा सल्ला मिळाला आहे, तर उघडण्याआधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासायला सांगा: इंजिन कोमट (कडक गरम नाही), तिन्ही प्लग काढलेले, कॉइलची वायर सुटलेली, चोक उघडा, एक्सलरेटर तळाला, बॅटरी भरलेली. तिन्ही सिलिंडरचे आकडे लिहून घ्या. एकमेकांत एक किलोपेक्षा जास्त फरक नसेल आणि तिन्ही चांगले असतील तर हेडला हात लावू देऊ नका. एकच कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग, जैसे थे राहिला तर व्हॉल्व्ह. व्हॉल्व्हचं क्लिअरन्स फार घट्ट असेल तरीही असंच दिसतं, तेव्हा ते आधी सेट करून घ्या. त्यासाठी इंजिन उतरवावं लागत नाही.

टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडवणारा पट्टा) कधी बदलला याची नोंद वडिलांच्या कागदांत सापडते का पाहा. नसेल तर याच भेटीत बदलून टाका. एखाद्या दिवशी सेल्फ मारल्यावर इंजिन नेहमीपेक्षा हलकं, भराभर, एकसारख्या आवाजात फिरलं, तर तो बेल्ट तुटलेला आहे. त्या क्षणी किल्ली सोडा, ढकलून सुरू करण्याचाही प्रयत्न करू नका आणि गाडी दुसऱ्या वाहनावर चढवूनच गॅरेजला न्या.